वीणा, मृदंग, टाळ आणि ते घडवणारे हात



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळी म्हणाली, "महाराज, तुम्ही काहीतरी जुनं लिहा." मी चौथी शिकलेला माणूस. उभं राहून दोन तास बोलेन, पण हातात पेन धरलं की त्यापेक्षा नांगर हलका वाटतो. तरी संतमंडळींची आज्ञा मोडता येत नाही म्हणून बसलो आहे. चुकलं तर पदरात घ्यावं.

जुनं लिहायचं म्हणून दिंडीची जुनी वही काढली. पहिली काही पानं मोडीत आहेत, ती जाणत्या माणसाकडून वाचून घेतली. वहीत सगळं आहे. पहिले वीणेकरी कोण, अन्नदान कोणाचं, बैलगाडी कोणी दिली, पालाचं कापड कोणी दिलं. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव. मग खर्चाची पानं येतात. तिथं लिहिलंय, "मृदंगाची पुडी बदलली, जोंधळे दोन पायल्या." "टाळ जोड एक." "वीण्याला भोपळा बसवला." पुडी कोणी बदलली? टाळ कोणी ओतला? भोपळा कोणी बसवला? नाव नाही. सगळी वही उलटीपालटी केली, एकही नाव नाही.

तेव्हा मनात आलं, की देणाऱ्यांची नावं तर या स्मरणिकेत येणारच आहेत. आपण घडवणाऱ्यांविषयी लिहावं. कारण सज्जनहो, दिंडी म्हणजे काय? वीणा, टाळ, मृदंग, पताका, तुळशीवृंदावन आणि माणसं. यातली माणसं देवानं घडवली. बाकीचं सगळं कोणाच्या तरी हातानं घडलेलं आहे.

वीण्यापासून सुरुवात करतो, कारण दिंडीत मान वीण्याचा. सप्ताहात वीणा आठ दिवस खाली टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. दिंडीत वीणेकरी म्हणेल ती चाल आणि तो थांबला की सगळे थांबले. असा मान असलेली वस्तू मुळात काय आहे? एक कडू भोपळा आणि एक लाकडाची दांडी.

हा भोपळा आपल्याच भागातला. भीमाकाठी पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या पट्ट्यात तो पिकतो. आमच्या वडिलांनी बांधाच्या कडेला त्याचे वेल लावलेले मला आठवतात. भाजीच्या कामाचा नाही, कडूजहर. जनावरसुद्धा तोंड लावत नाही. पण त्याला जपावं लागतं खाण्याच्या भोपळ्यापेक्षा जास्त. फळ एका अंगावर पडून राहिलं तर तेवढी जागा चपटी होते, ओल लागली तर कुजते. म्हणून खाली वाळकं गवत घालायचं आणि कोवळं असताना हलक्या हातानं बसतं करायचं. तोडायची घाई चालत नाही. वेल वाळला, देठ वाळला, साल टणक झाली, मगच हात लावायचा. पुढं काही महिने सावलीत टांगून ठेवायचा. आत बिया खुळखुळ वाजल्या की समजायचं तयार झाला.

मिरजेचे कारागीर हे भोपळे नेतात. मिरजेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तिथं तंबोरे, सतारी करणारी जी घराणी आहेत ती मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे, पाणी देणारे. इंग्रजांचं राज्य आलं, तलवारी म्यानात गेल्या आणि यांचं पोट बंद झालं. तेव्हा १८५० च्या सुमारास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि मिरज संस्थानच्या पटवर्धनांचा त्याला आश्रय मिळाला. पुढं अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे मोठे गवई मिरजेत येऊन राहिले. गवयाच्या कानाला जे खटकलं ते कारागिरानं दुरुस्त करायचं, असं करत करत तिथलं वाद्य नावाला चढलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या हातांनी तलवारीला धार दिली त्याच हातांनी तारेला सूर दिला. कीर्तनात हा दृष्टांत मी पुष्कळदा देतो. लोखंड तेच, हात तेच, फक्त काम बदललं आणि माणसाचं सार्थक झालं.

मी एकदा मिरजेला जाऊन हे काम बघत बसलो होतो. भोपळ्याचं तोंड कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गर खरवडून काढतात. मग आत काटक्यांचा आधार देऊन गोल बसवतात आणि पुन्हा वाळवतात. दांडीला लाकूड तुणीचं, तेही मुरलेलं. जोड असा बसवतात की बोट फिरवलं तर कळत नाही. शेवटी तारा चढल्या. मला वाटलं झालं. पण तंबोरा नुसताच टणटण वाजला. मग त्या मिस्त्रीनं घोडी कानसेनं जराजरा घासली, घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवला आणि तार छेडली. सूर असा काही भरून आला की मी मांडी मोडून सरळ बसलो. मी विचारलं, "हा धागा कशाचा?" ते म्हणाले, "साधं सूत आहे महाराज. याला जीव म्हणतात." मी तिथंच हात जोडले. लाकूड, भोपळा, तार सगळं असून जीव घातल्याशिवाय बोलत नाही. आपल्या देहाचंही तेच आहे.

टाळाचं थोडक्यात सांगतो. खरा टाळ काशाचा. साधारण चार भाग तांब्याला एक भाग कथील घालून कासं होतं. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ. पण दोन्ही एकत्र वितळले की असं कडक होतं की आवाज दूरवर जातो. ओतारी मातीच्या साच्यात रस ओततो, थंड झाल्यावर घासतो, मधे भोक पाडतो. दोन टाळांचा जोड जमवणं हे कानाचं काम. दोन्ही एकाच सुरात बोलले पाहिजेत आणि वाजल्यावर आवाज मागे रेंगाळला पाहिजे. कासं कडक म्हणून ठिसूळही असतं. दगडावर पडलं तर तडकतं आणि तडकलेला टाळ बद्द बोलतो. पण तो टाकत नाहीत. ओतारी मोड म्हणून घेतो आणि पुन्हा मुशीत घालतो. आज आपल्या हातात असलेल्या टाळात कोणत्या जुन्या टाळकऱ्याचा टाळ वितळून आला असेल, कोणी सांगावं?

आता मृदंग. इथं मला जास्त लिहायचं आहे, आणि लिहिताना मान खाली घालूनच लिहावं लागणार आहे.

मृदंगाचं खोड खैराचं, शिसवीचं, फणसाचं. सुतार ते आतून कोरून पोकळ करतो. पुढचं काम चामड्याचं. पुडी शेळीच्या कातड्याची. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, ताणून वाळवायचं, गोल कापायचं, कडेला गजरा विणायचा. वादीनं दोन्ही पुड्या खोडावर ओढायच्या आणि वादीखाली लाकडाचे गट्टे घालायचे. गट्टा ठोकला की सूर चढतो, उलट ठोकला की उतरतो. उजव्या पुडीवर शाई. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ एकत्र घोटून त्याचा पातळ थर द्यायचा. तो अर्धवट वाळला की गुळगुळीत दगडानं घासायचा. मग दुसरा थर, पुन्हा घासणं. असे कितीतरी थर. घासून घासून शाईला केसासारख्या बारीक भेगा पडतात. बघणाऱ्याला वाटतं चिरली. पण त्या भेगा पडल्याशिवाय शाई सुटी होत नाही आणि बोल उमटत नाही. डाव्या अंगाला धुमा. त्याला शाई नाही, वाजवायच्या वेळी गव्हाची भिजवलेली कणीक लावायची. वाजवून झालं की खरवडून काढायची.

म्हणजे बघा, एका मृदंगात सुतार आला, लोहाराच्या भात्याखालचं लोखंड आलं, शेतकऱ्याचा गहू आणि तांदूळ आला, धनगराची शेळी आली आणि चामडं कमावणारा आला. सगळं गाव त्यात आहे. पण सगळं गाव देवळात होतं का?

माझ्या लहानपणी, म्हणजे साठ-सत्तर सालाकडं, आमच्या गावच्या मृदंगाची पुडी भरायला एक म्हातारे येत. त्यांना सगळे पुडीवाले बाबा म्हणायचे. सप्ताह सुरू झाला की ते देवळासमोरच्या लिंबाखाली येऊन बसत. आत येत नसत. येत नसत म्हणजे, येऊ देत नसत. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना मोकळं झालं. अस्पृश्यतेच्या विरुद्ध कायदाही झाला होता. पण कायदा तालुक्याला होता, आमच्या गावापर्यंत तो चालत आला नव्हता.

आत भजन रंगायचं. बाबा बाहेर डोळे मिटून ऐकायचे. मृदंग जरासा उतरला की बाबा लिंबाखालून खाकरायचे. आमचा आजा पखवाजी होता, तो ओळखायचा. मृदंग बाहेर पाठवायचा. ने-आण करायचं काम माझं. बाबा मांडीवर मृदंग घेत, लहान हातोडीनं दोन गट्टे ठोकत, बोटानं एकदा वाजवून बघत, मला म्हणत, "ने बाळा." मी मृदंग आत आणायचो. दाराशी आमची आजी उभी असायची. ती तुळशीच्या पानानं मृदंगावर पाणी शिंपडायची, शुद्ध करायला. पण पुडीवर पाणी पडलं तर पुडी उतरते, म्हणून फक्त लाकडावर शिंपडायची. चामडं ज्यांनी हाताळलं त्या हाताचा विटाळ लाकडाला, आणि चामडं तसंच सोवळं! तेव्हा हे कळत नव्हतं. आज कीर्तनात मृदंगाचा पहिला बोल वाजला की मला ते पाणी आठवतं.

एका वर्षी काल्याच्या दिवशी आमचे वडील दारात गेले आणि म्हणाले, "बाबा, आत या." बाबा म्हणाले, "हितनंच आवाज बरा कळतोय." आणि बसून राहिले. वडील थोडा वेळ उभे राहिले, मग आत आले. त्या दिवशी वडिलांना काला गोड लागला नाही, असं ते पुढं बरीच वर्षं सांगत.

मग १९७२ चा दुष्काळ आला. माझी शाळा चौथीतच सुटली होती, मीही खडी फोडायला जायचो. सुकडी खायची, मिलो ज्वारीची तांबडी भाकरी खायची. गहू डोळ्याला दिसत नव्हता. एकादशीला भजन होतं आणि धुम्याला लावायला कणीक नाही. कोणीतरी मिलोचं पीठ भिजवून लावलं. ज्वारीच्या पिठाला चिकाटी नसते, दोन थापा मारल्या की गळून पडलं. सगळे गप्प. तेव्हा आमची आजी उठून घरी गेली आणि मडक्याच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेलं मूठभर गव्हाचं पीठ घेऊन आली. घरात नातवंडं उपाशी आणि बाई गव्हाचं पीठ मृदंगाला देते! पण भजन झाल्यावर तिनं ती कणीक खरवडून घेतली, तव्यावर टाकली आणि आम्हा पोरांना तुकडा तुकडा वाटली. त्या घासाची चव अजून जिभेवर आहे. तीच आजी आणि तेच पाणी, ह्याही दोन्ही गोष्टी खऱ्या. माणूस एकाच रंगाचा नसतो.

त्याच दुष्काळात पुडीवाले बाबांचं घर गाव सोडून गेलं. कोणी म्हणतं मुंबईला, कोणी म्हणतं पुण्याला. परत कोणी आलं नाही. त्यांनी भरलेली पुडी पुढं किती दिवस वाजली. स्मरणिकेसाठी त्यांचं नाव लिहावं म्हणून मी चार म्हाताऱ्या माणसांना विचारलं. कोणालाच आठवत नाही. मीसुद्धा त्यांच्या हातून कितीदा मृदंग घेतला, पण नाव कधी विचारलं नाही. बाबा म्हटलं की झालं.

चोखोबांचं काय झालं ते आपण जाणतो. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत पडून ते गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. दाराच्या समोर, पण बाहेर. गावाची भिंत ज्यानं बांधली तो गावाबाहेर, मृदंग ज्यानं भरला तो देवळाबाहेर. हा जुनाच हिशेब आहे.

खरं तर आपला संप्रदाय कारागिरांचाच. गोरोबाकाका तेरचे कुंभार, नरहरी सोनार, नामदेवराय शिंपी, सावतोबा अरणचे माळी, सेना महाराज नाभिक. गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी विचारलं, हे काय? काका म्हणाले, हे थापटणं, यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग काकांनी त्याच थापटण्यानं संतांची डोकी ठोकून बघितली आणि नामदेवराय कच्चे निघाले. मला त्यात विशेष वाटतं ते हे, की परीक्षा घ्यायला शास्त्री बोलावले नाहीत. कुंभार बोलावला. मडक्यावर टिचकी मारून आवाजावरून ओळखणं ही कुंभाराची विद्या. ओतारी टाळाला तसंच ओळखतो, मिरजेचा मिस्त्री भोपळ्याला तसंच ओळखतो आणि पुडीवाले बाबा लिंबाखाली बसून तेच करत होते. देवाला ओळखण्याची विद्या हाताच्या कामातूनच आली, असं माझं अडाण्याचं मत आहे.

गळ्यातली तुळशीची माळही तशीच. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. तुळस वाढवून, वाळवून, तिच्या काडीचे बारीक तुकडे करून, प्रत्येकाला भोक पाडून, घासून मणी करायचा आणि असे १०८ मणी ओवायचे. तुळशीची काडी बोटाएवढीसुद्धा जाड नसते, भोक पाडताना किती फुटत असतील विचार करा. आता बाजारात दुसऱ्याच लाकडाच्या, प्लास्टिकच्याही माळा तुळशीच्या म्हणून मिळतात. स्वस्त म्हणून आपण घेतो. माळ घातल्यावर खोटं बोलायचं नाही म्हणतात, आणि माळच खोटी.

आता दिवस बदलले. मृदंगाला वादीऐवजी नटबोल्ट आले. पावसाळ्यात वारीत पुडी उतरली की पान्यानं दोन मिनिटांत चढते. सोय आहे, मी नाव ठेवत नाही. आमच्या दिंडीतही एक बोल्टचा मृदंग आहे. पण पुडी भरणारी माणसं कमी झाली. पुडी बदलायला आता दोन तालुके ओलांडून जावं लागतं आणि तिथं गेल्यावर आपलीच मंडळी पाच-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतात. तो कारागीर मला म्हणाला, "महाराज, पोरगं म्हणतंय यात काय मिळतंय?" मला उत्तर देता आलं नाही. मंडपाला, लाऊडस्पीकरला आपण हजारो रुपये देतो, त्याची पावती घेतो, त्यावर दुकानाचं नाव छापलेलं असतं.

२०२० साली करोनामुळं पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आषाढीला आपण सगळे घरी. मी खुंटीवरचा वीणा काढला आणि एकटाच अंगणात उभा राहिलो. शेजारीपाजारी कोणी नाही, टाळ नाही, मृदंग नाही. तेव्हा प्रथमच वीण्याकडं नीट बघितलं. भोपळ्यावर एक जुना सांधा आहे, कोणीतरी फुटलेला भोपळा सुताएवढीही फट न ठेवता जोडलाय. आयुष्यभर तो वीणा गळ्यात घातला आणि सांधा त्या दिवशी दिसला. वहीत त्याचीच ती ओळ असेल, "वीण्याला भोपळा बसवला."

मंडळाला माझी हात जोडून एक विनंती आहे. दुसऱ्या शंभर वर्षांची नवी वही आता सुरू होईल. तिच्यात पुडी बदलली असं लिहाल तेव्हा पुडी कोणी बदलली त्याचं नाव, बापाचं नाव, गाव लिहा. टाळ ओतला त्याचं लिहा, वीणा जोडला त्याचं लिहा, पताका शिवली त्या बाईचं लिहा, तुळशीची माळ कोणाकडून आणली ते लिहा. आणि काल्याच्या दिवशी त्यांना बोलावून पहिल्या पंगतीला बसवा. यात उपकार काही नाही. राहिलेलं देणं आहे.

पुडीवाले बाबांचं नाव कोणाच्या ऐकिवात असेल तर मला कळवावं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ मी मोकळी ठेवायला सांगितली आहे.

लिहिण्यात अधिक-उणं झालं असेल तर क्षमा असावी.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.